पट्ट्यात खोचलेला हात

भारंबे सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये लेथशेजारी उभे राहून, उजवा हात पाठीमागे पँटच्या पट्ट्यात खोचून, नुसत्या डाव्या हाताने वांगं चिरत होते. समोर शेवटच्या वर्षाची चार पोरं वह्या घेऊन उभी. वांगं टेबलभर घरंगळत होतं, सर सुरी घेऊन त्याच्या मागे लागले होते, आणि हसायची कोणाची छाती नव्हती. मी धुळ्याहून नुकताच जळगावला नोकरीला लागलो होतो. मला वाटलं, बिचाऱ्याला अर्धांगाचा झटका येऊन गेलेला दिसतो. मी मनात हळहळतोय तोच वांगं खाली पडलं. सरांनी पट्ट्यातून हात सोडवला आणि चक्क उजव्या हाताने ते उचलून टेबलावर ठेवलं. माझी हळहळ फुकट गेली.

"दोन हातांनी काय, कोणीही करील!" ते पोरांवर खेकसले. "एका हाताने वांगं धरून पण ठेवायचं आणि चिरायचं पण. असं यंत्र करा. आहे का डोकं कोणाच्या खांद्यावर?"

डोकी होती, पण ती सगळी मार्कांकडे लागलेली. आमच्याकडे शेवटच्या वर्षाला प्रत्येक गटाला काहीतरी यंत्र बनवून दाखवावं लागे. बाकीचे मास्तर शहाणे होते. ते मागच्याच वर्षीचा पंप पुन्हा रंगवून ठेवायला सांगत. भारंबे सरांच्या वाट्याला आलेल्या पोरांना मात्र दरवर्षी एकच विषय, एका हाताने चालणारं काहीतरी. एका हाताने पीठ मळायचं, एका हाताने लुगडं पिळायचं, एका हाताने दोरा ओवायचा. ज्या कोपऱ्यात हे उद्योग चालत त्याला पोरं 'डावी आळी' म्हणत. डाव्या आळीत नाव लागलं की पोरगं घरी कळवायचं, यंदा पास होण्याची आशा धरू नका.

आणि कारण सगळ्यांना माहीत होतं. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं, फक्त बोलायचं कोणी नाही. सर ऐन उमेदीत असताना त्यांनी पोरांना घेऊन मोटरवर चालणारं कुट्टी यंत्र बनवलं होतं, गुरांसाठी कडबा बारीक करायचं. प्रदर्शनात त्याला पहिलं बक्षीस मिळालं, गळ्यात हार पडला. सरांनी ते ट्रॅक्टरवर घालून रावेरकडे आपल्या गावी नेलं. कडबा तोंडाशी अडकतो म्हणून तिथली जाळी त्यांनी स्वतःच्या हाताने काढली. यंत्र झकास चालायला लागलं. घरचे गडी केळीच्या ट्रकवर गेलेले, म्हणून त्या दिवशी कडबा घालायला सरांची बायको बसली. बटण गोठ्याच्या पलीकडच्या भिंतीवर. सर तिथवर पळत जाईपर्यंत तिचा उजवा हात कोपरापर्यंत गेला होता.

सर पुन्हा गावी राहायला गेले नाहीत. बायकोला घेऊन जळगावला आमच्या गल्लीत आले. तेव्हापासून या माणसाचं एकच काम, तिला एका हाताने जमेल असं काहीतरी बनवून देणं.

आता हे ऐकून तुमच्या डोळ्यांत पाणी आलं असेल तर जरा थांबा, कारण सरांबरोबर रोज नोकरी करायची म्हणजे काय, ते तुम्हाला ठाऊक नाही. हा गृहस्थ कुठेही, कधीही हात खोचायचा. स्टाफरूममध्ये चहा आला की उजवा हात पट्ट्यात, आणि डाव्या हाताने बशीत ओतायचा प्रयोग. बशी दरवेळी माझ्या पँटवर. कोणाच्या लग्नाला गेले तर पंगतीत डाव्या हाताने शेवभाजीत पोळी तोडू पाहत. यजमानाकडच्या म्हाताऱ्या तोंडाला पदर लावत, "अरे देवा, डाव्या हातानं जेवतं हे!" म्हणून. मी कोपराने ढोसून म्हणायचो, "सर, निदान लग्नात तरी!" तर म्हणत, "नाना, पोळी तोडायला दुसरा हात लागतो कुठे, ते बघतोय. गप बसा."

आणि ती यंत्रं! देवा रे देवा. एका वर्षी भाकरी थापायचं यंत्र झालं, जुन्या सायकलीची साखळी आणि स्टुलाचं फळकूट लावून. परीक्षक बाहेरगावचे, कडक इस्त्रीचा सफारी घातलेले. सरांनी हात खोचला, पिठाचा गोळा ठेवला, खटका ओढला. भाकरी गोल झाली यात वाद नाही. पण ती थांबेना. गरगर फिरत कडेला आली आणि सुटली ती थेट परीक्षकांच्या छातीवर. पोरं डोळे मिटून देवाचं नाव घेत होती. सर शांतपणे म्हणाले, "जाडी एकसारखी आली आहे, हे लक्षात घ्या." त्या वर्षी चौघांपैकी चौघे नापास झाले. एकाच्या बापाने येऊन सरांना वर्कशॉपच्या दारात आईबहिणीवरून शिव्या दिल्या. सरांनी सगळ्या ऐकून घेतल्या, मान खाली घालून, हात तसाच खोचलेला.

परीक्षा झाली की यंत्र हातगाडीवर घालून सरांच्या घरी जायचं. माझं घर समोरच, त्यामुळे ही मिरवणूक मी दरवर्षी पाहिली. वहिनी दारात यायच्या. पदराखाली उजवी बाजू झाकलेली. पोरं यंत्र ओट्यावर ठेवायची. वहिनी खटका दाबून पाहायच्या. सर विचारायचे, "जमतं का?" विचारताना ते यंत्राकडे बघत. वहिनी म्हणायच्या, "जमतं." झालं. दुसऱ्या दिवशी यंत्र गच्चीवर गोणपाटाखाली, आणि वहिनी पायाने परात दाबून धरून आपल्या आपल्या पीठ मळताना दिसत. सरांना ते दिसायचं. आणि जूनमध्ये नव्या पोरांना नवं यंत्र.

शेवटी प्रिन्सिपॉलांनी बोलावून घेतलं. "भारंबे, पुष्कळ झालं. हे एवढं वर्ष. पुढच्या वर्षापासून प्रोजेक्ट तुमच्याकडे नाहीत." सर बाहेर आले तेव्हा चेहरा राखेसारखा झाला होता. मला म्हणाले, "नाना, एकच संधी राहिली. एक तरी वस्तू तिने वापरली पाहिजे हो. नाहीतर मी नुसता हात तोडणारा म्हणून मरेन."

त्या वर्षी डाव्या आळीत मनीषा आली. बोदवडची. रोज पॅसेंजर गाडीने यायची, मेकॅनिकलच्या वर्गात एकटी मुलगी, आणि जीभ अशी की पोरं दोन बाकं सोडून बसत. सरांनी नेहमीप्रमाणे हात खोचून भाषण सुरू केलं. ती मधेच म्हणाली, "सर, काकूंना काय पाहिजे?"

"काय पाहिजे म्हणजे? हात पाहिजे!"

"तो तर आपण देऊ शकत नाही. दुसरं काय पाहिजे, ते विचारलं का?"

इतकी वर्षं, इतकी पोरं, इतकी यंत्रं, आणि हा प्रश्न कोणाच्याच तोंडातून निघाला नव्हता. पोरांनी नाही विचारलं, कारण सरांच्या बायकोबद्दल सरांना कसं विचारायचं? आपल्याकडे ती रीत नाही. आणि सरांनी का नाही विचारलं, ते सर जाणोत. त्यांनी हात पट्ट्यातून सोडवला, फडक्याला उगीचच पुसला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "नाना, तुम्ही जा हिच्यासोबत. माझ्याच्याने नाही व्हायचं."

रविवारी गेलो. सर ओट्यावर पेपर उघडून बसलेले, जसं काही यांचा आणि घराचा संबंध नाही. आत वहिनींनी पाट दिले, चहा ठेवला. स्टोव्हला पिन मारण्यापासून कप उतरवण्यापर्यंत सगळं एका हाताने, आणि आमच्या घरात दोन हातांनी होतं त्याच्यापेक्षा लवकर.

मनीषाने सरळ विचारलं. "काकू, तुम्हाला काय जमत नाही?"

"मले?" वहिनी हसल्या. "सगयं जमतं, माय. भाकर थापते. गोल नाई येत, पन पोटात गेल्यावर कोन पाह्यतं? धुनं होतं, भांडे होतात."

"तरी पण? एखादी गोष्ट?"

वहिनींनी हातातला कप खाली ठेवला. मग त्यांनी डावा हात पुढे केला आणि बोटं पसरली. नखं वेडीवाकडी, कुठे खोलवर झिजलेली, कुठे फाटून टोकं आलेली.

"हे," त्या म्हणाल्या. "पायाचे नखं काढता येतात मले. ह्या हाताचे कशानं काढू? दुसरा हात कुठी हाये? धुन्याच्या दगडावर घासते. नाईतं दातानं तोडते. शेजारनीले एकदा म्हटलं, तं तिनं काढून दिले, पन तोंड असं केलं का पुन्हा नाई म्हटलं. पोरगा सुरतले. कोनाले सांगू, नखं काप म्हनून?"

"सरांना?"

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागलो. अशा वेळी कॅलेंडर फार उपयोगी पडतं.

"त्यायनं तवापासून माह्या हाताले हात नाई लावला, माय," वहिनी म्हणाल्या. आवाज चढला नाही की रडू आलं नाही. "जो गेला त्याच्याच मागे लागले. हा राह्यला, याच्याकडे पाह्यत बी नाई."

खिडकी उघडी होती. बाहेर पेपरचं पान उलटल्याचा आवाज बराच वेळ आला नाही. आम्ही चहा पिऊन बाहेर आलो तेव्हा ओट्यावर नुसता पेपर होता आणि चपला तिथेच होत्या. जळगावच्या त्या उन्हात, डांबर पायाला चिकटेल अशा रस्त्यावर, हा माणूस अनवाणी कुठे गेला असेल? मनीषा म्हणाली, "सर, मी काही चुकीचं केलं का?" मी म्हटलं, "नाही गं बाई. चुकीचं तर आधीच झालेलं होतं."

सोमवारी सर नेहमीसारखे वर्कशॉपमध्ये आले. मनीषाने लगेच कामाला सुरुवात केली. साधी गोष्ट होती. लाकडी फळीवर नेलकटर पक्कं बसवलं, खाली पायाने दाबायची पट्टी, आणि मधे सायकलच्या ब्रेकची तार. बोट ठेवायचं, पाय दाबायचा, कट. तिने बोटाला इजा होऊ नये म्हणून पुढे एक छोटी जाळी बसवली होती. सर त्या जाळीवरून बोट फिरवत कितीतरी वेळ उभे राहिले. मी त्यांच्या तोंडाकडे बघायचं टाळलं.

मग त्यांनी उजवा हात खोचला आणि डाव्या हाताची पाचही नखं एकापाठोपाठ एक कापली. कट, कट, कट. ना काही उडालं, ना काही अडकलं. डाव्या आळीच्या इतिहासात पहिल्यांदा यंत्र पहिल्या फटक्यात चाललं होतं. पोरांनी टाळ्यांचा नुसता कडकडाट केला. एका उत्साही गड्याने तर सवयीने हातगाडीसुद्धा बोलावून आणली, त्या वीतभर फळीसाठी.

"हातगाडी परत पाठव," सर म्हणाले. "हे घरी न्यायचं नाही."

मनीषाचा चेहरा पडला. "का सर? चाललं की!"

"चाललं म्हणूनच." सरांनी हात सोडवला. "परीक्षेला ठेव. पहिली येशील तू. पण हे तिच्या हातात दिलं, तर ती जन्मभर एकटी बसून नखं कापील. आणि मी समोर बसून बघीन, चांगलं चालतंय म्हणून."

एवढं बोलून ते माझ्याकडे वळले. नेहमीसारखे खेकसलेच. "नाना, तुमच्याकडे साधं नेलकटर आहे का? हे हिने फळीला ठोकून टाकलंय."

संध्याकाळी मी आमच्या ओट्यावर बसलो होतो. मुद्दामच बसलो होतो, खोटं कशाला बोलू? समोर सर आणि वहिनी बाहेर आले. वहिनी पायरीवर बसल्या, सर खालच्या पायरीवर. वहिनींनी हात पुढे केला. सरांनी तो धरला नाही, नुसतं बोटाचं टोक चिमटीत पकडलं, लेथवरचा तापलेला लोखंडी जॉब उचलावा तसं. अंगठा झाला. मग पुढचं बोट. मग हळूहळू त्यांनी सगळा पंजा आपल्या तळहातावर घेतला. गल्लीतल्या बायका पाण्याच्या कळशा घेऊन जाता जाता थांबत होत्या, आणि या दोघांना त्याचा पत्ता नव्हता.

चौथ्या बोटाला नेलकटर जरा जास्तच आत गेलं, आणि बोटातून रक्त आलं. थेंबभरच, पण सर ते बघून ताडकन उभे राहिले. नेलकटर खाली पडलं. तोंड उघडं, आणि डोळे भिंतीवर इकडेतिकडे काहीतरी शोधताहेत. मला वाटलं, हा माणूस आता पुन्हा अनवाणी पळत सुटणार, आणि यावेळी परत यायचा नाही.

वहिनींनी हात मागे घेतला नाही. रक्त साडीला पुसलंसुद्धा नाही. बोटं तशीच पसरून त्यांनी हात पुढे धरून ठेवला.

"बसा," त्या म्हणाल्या. "करंगयी राह्यली."