गुप्त सेवेची खातरजमा

वर्षाच्या पहिल्या रविवारी आमच्या मंडळीच्या पाळकांनी उपदेश केला, की चांगलं काम करताना दवंडी पिटू नये. उजवा हात काय करतो ते डाव्यालासुद्धा कळू देऊ नये. उपदेश बावीस मिनिटं चालला आणि सर्वांना आवडला. तो तेवढ्यावर थांबला असता तर कोणाचंही काही बिघडलं नसतं. परंतु आमचे चिटणीस जन्म-मृत्यू नोंदणीच्या कचेरीतून निवृत्त झालेले. ज्याची नोंद नाही ते घडलंच नाही, ही त्यांची जुनी श्रद्धा. वचन आचरणात येतं की नाही याची खातरजमा कोण करणार, असं त्यांनी उपासना संपताच विचारलं, आणि उत्तरादाखल सात जणांची गुप्त सेवा समिती नेमण्यात आली. माझं अक्षर बरं असल्यामुळे इतिवृत्त लिहिण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं.

समितीने पत्रक छापलं. सेवेचा प्रकार, तारीख, 'ही सेवा मी कोणालाही सांगितलेली नाही' अशी प्रतिज्ञा, आणि त्याखाली पूर्ण नाव, सही व दोन साक्षीदार. आपण कशाची साक्ष देत आहोत हे साक्षीदारांना माहीत नसावं, अशी तळटीप होती. वर्षअखेरीस उत्तम गुप्त सेवकाला ढाल मिळणार होती. पहिल्याच महिन्यात सदतीस पत्रकं आली. किराणा दुकानदाराने फोटोही जोडले होते. त्यांत त्याने चेहरा रुमालाने झाकला होता, पण मागे दुकानाची पाटी स्वच्छ वाचता येत होती.

पत्रक न भरलेलं एकच घर निघालं, प्रार्थनामंदिरासमोर शिवणकाम करणाऱ्या बाईंचं. चिटणीस आणि मी त्यांच्याकडे गेलो. बाई सदऱ्याला काजं करत बसल्या होत्या. वर्षभरात एखादी तरी सेवा घडली असेल, आठवून पाहा, असं चिटणिसांनी दोन-तीनदा सुचवलं. तसं सांगण्यासारखं काही नाही, असं म्हणून बाईंनी दोरा दाताने तोडला. चिटणिसांनी त्यांच्या नावापुढे 'निरंक' लिहिलं, आणि अशाच माणसांमुळे मंडळी मागे राहते, असं मला रस्ताभर ऐकवलं.

आता मास्तरांविषयी. तीस वर्षं त्यांनी मंडळीचा ऑर्गन वाजवला. मग अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू लुळी पडली आणि आवाजही बसला. मंडळीच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर त्यांची खोली होती. समिती तळमजल्यावर भरत असे. आलेल्या पत्रकांपैकी नऊ पत्रकांत 'मास्तरांची विचारपूस' लिहिलेली होती, म्हणून चिटणीस पडताळणीला वर गेले. दिवसा दार नुसतं लोटलेलं असे. आत मास्तर दाढी केलेले, नखं कापलेले, स्वच्छ चादरीवर पडलेले. हे कोण करतं, असं विचारल्यावर मास्तरांनी हळू आवाजात सांगितलं की सांगायचं नाही असं ठरलंय.

चिटणीस जिना उतरले ते अगदी हर्षभरित होऊन. सदतीस पत्रकांत जी सापडली नव्हती ती अस्सल गुप्त सेवा हाती लागली होती, आता ती पकडायची एवढंच उरलं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटेपासून आम्ही जिन्याखाली पाळत ठेवली. साडेसहाला शिवणवाल्या बाई बादली आणि धुतलेल्या चादरींचं गाठोडं घेऊन आल्या. दोन वर्षं त्या रोज येत होत्या.

समितीची तातडीची बैठक झाली. ही सेवा आता सात जणांना माहीत झाली. अर्थात ती गुप्त राहिली नाही. अर्थात नियम चारनुसार ती रद्द झाली. मास्तरांची चादर तर बदलली जाते ना, असं पाळक पुटपुटले. त्यांची सूचना नोंदवून घेण्यात आली. सेवा 'उघड' वर्गात चालू ठेवायची तर मास्तरांचा अर्ज हवा होता. उजवा हात चालत नसल्याने त्यांनी डावा अंगठा उठवला. चिटणिसांनी तो ठसा खिडकीशी धरून पाहिला आणि अर्ज फेटाळला. डाव्या हाताला कळता कामा नये हे मूळ वचन, आणि इथे तर त्या हाताने लेखी कबुलीच दिली होती.

खोलीला कुलूप लागलं आणि बाईंकडून किल्ली रीतसर परत घेतली गेली. ती कचेरीत खुंटीला लागली. पत्रक भरलेल्या सदतीस जणांना, एका वाराला पाच-सहा जण या हिशेबाने, बंद पाकिटातून वार कळवण्यात आले. प्रत्येकाने आपल्या दिवशी किल्ली घेऊन गुपचूप जायचं आणि कोणाशी बोलायचं नाही.

पहिल्याच दिवशी बाई कचेरीत आल्या.

"मला ढाल नको, काही नको. नुसती किल्ली द्या. सकाळी माणूस ओला पडलेला असतो."

"बाई, व्यवस्था झालेली आहे," चिटणीस म्हणाले.

"कोण जातंय?"

"ते सांगितलं तर गुप्त कसं राहील?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी इतिवृत्त लिहीत होतो.

माझा वार मंगळवार, म्हणजे व्यवस्थेचा दुसरा दिवस. मी कचेरीत गेलो तेव्हा किल्ली खुंटीवर होती. कोणीतरी माझ्याआधीच जाऊन आलं असावं असं समजून मला बरं वाटलं. त्याची गुप्तता मोडू नये म्हणून मी चौकशी केली नाही. बाकीच्यांनाही किल्ली तिथेच दिसली, आणि त्यांनाही बरं वाटलं.

बुधवारी भर दुपारी बाई कुलूपवाल्याला घेऊन आल्या. ठोकाठोकी सगळ्या इमारतीने ऐकली. दार उघडलं तेव्हा मी जिन्यात होतो. उशाचा तांब्या रिकामा होता. मास्तरांची पाठ सोलवटली होती. बाईंनी दार सताड उघडं ठेवलं आणि कोणाला कळेल याची पर्वा न करता त्यांना पुसायला लागल्या. मला गरम पाणी आणायला सांगितलं, मी आणलं. मास्तरांच्या ओठांना पाणी लावलं तेव्हा ते माझ्याकडे बघून म्हणाले,

"तुमची सेवा फारच गुप्त झाली. मलासुद्धा कळली नाही."

त्याच संध्याकाळी बाईंनी त्यांना चार माणसांकरवी आपल्या घरी हलवलं. शिलाई यंत्र बाहेरच्या ओट्यावर गेलं, मास्तर आत राहिले. पाठ भरून यायला दोन महिने लागले. समितीने बाईंना कुलूप तोडल्याबद्दल खुलासा मागणारं पत्र पाठवलं. ते मीच लिहिलं. अक्षर चांगलं आलं होतं.

वर्षअखेरीस ढालीचा समारंभ झाला. गुप्ततेला बाध येऊ नये म्हणून नाव वाचायचं नाही, असं ठरलं होतं. चिटणिसांनी एवढंच सांगितलं, की मंडळीतल्या सर्वांत निरपेक्ष सेवकाने आपल्या जागी नम्रपणे उभं राहावं. सदतीस जण उठले. त्यांत मीही होतो.

सदतीस जणांत एक ढाल कशी वाटायची हा प्रश्न अजून समितीपुढे आहे. वाचकांपैकी ज्यांना आम्हां सदतीस जणांचं हसू आलं असेल, आणि आपण मात्र कोणाचं भलं केलं तर कधी बोलून दाखवत नाही असं ज्यांना आत्ता मनातल्या मनात वाटून गेलं असेल, त्यांनी जरूर कळवावं. पत्रकं शिल्लक आहेत.