भिकननाना सिगार तपासतात

आमच्या समोरचे भिकननाना लग्नपत्रिकासुद्धा आधी उन्हात धरून पाहतात. मग कोपरा चिमटीत ओढतात, कानाशी नेऊन टिचकी मारतात आणि निकाल देतात, ‘पास’ किंवा ‘कवडी’. माझी पत्रिका कवडी निघाली होती. लग्न कुणाचं आहे हे त्यांनी नंतर वाचलं.

एरंडोलजवळच्या एका जिनिंगमध्ये नानांनी छत्तीस वर्षं कापसाची प्रत ठरवली. गाडी आली की पुंजका बोटांत धरायचा, धागा ओढायचा आणि बोलून मोकळं व्हायचं. किडका, पिवळा पडलेला कापूस म्हणजे कवडी. निवृत्त झाल्यावर कापूस सुटला, पण बोटांची सवय काही सुटली नाही. "भाव छापेल ऱ्हास भो, माल तपासना पडस," असं म्हणत ती बोटं दुधाच्या पिशवीपासून जावयाच्या सदऱ्यापर्यंत सगळीकडे फिरतात. माझ्या बायकोचं भरीत तीन हिवाळे कवडी होतं. चौथ्या हिवाळ्यात पास झालं, तेव्हा तिनं माहेरी फोन करून सांगितलं.

पण ज्याचं कधीच काही पास झालं नाही, तो म्हणजे नानांचा मुलगा विलास. हा माझा वर्गमित्र, पंधरा वर्षं मस्कतला आहे. वर्षातून आठ दिवस येतो आणि दरवेळी वडिलांसाठी काहीतरी भारी आणतो. पाय दाबायचं यंत्र, कवडी. घड्याळ, कवडी. बदामसुद्धा कवडी. विलासची आई, अक्का गेल्यापासून नाना घरात एकटे. विलास आला तरी चहा संपेपर्यंत त्यांच्याजवळ बसायचा, मग फोन वाजला की फाटकाशी जाऊन उभा राहायचा. मला मात्र दरवेळी म्हणायचा, "एकदा तरी नाना पास म्हणू देत रे. मग मी काही मागणार नाही."

यंदा त्यानं सिगार आणली. नाना दिवसाला दोन विड्या ओढतात, तेव्हा हे तरी जमेल असा त्याचा हिशेब. सकाळी नानांच्या ओट्यावर माझ्यादेखत लाकडी पेटी उघडली. आत दोनच सिगारी, फिक्या तपकिरी, अंगठ्याएवढ्या जाड.

"कितलानी?" नानांनी विचारलं.

"अठराशेनी."

"बठ्ठी पेटी?"

"नही नाना. एक."

नानांनी चष्मा पुसला. एक सिगार उन्हात धरली, दाबली, हुंगली, कानाशी फिरवली. मग म्हणाले, "ब्लेड आन." विलासला वाटलं, टोक कापायला हवं असेल. त्यानं आनंदानं ब्लेड दिलं. नानांनी पेपर पसरला आणि सिगार मधोमध उभी चिरली.

"नाना!" विलास ओरडलाच.

"वरलं दखाडानं ऱ्हास. माल मझार ऱ्हास."

यात त्यांचं काय चुकलं? वर पांढराशुभ्र आणि खाली ओला कापूस भरलेल्या गाड्या ज्यानं जन्मभर मधून उपसून पाहिल्या, तो अठराशे रुपयांना वरवर बघून सोडेल होय? पान न् पान वेगळं करून त्यांनी पेपरावर मांडलं. विलासचा चेहरा मला बघवेना. शेवटी नाना म्हणाले, "भेसळ नही. आते दुसरी पेटाड."

विलासनं लायटरनं पेटवून दिली. "धूर पोटमा लेवाना नही नाना, तोंडमाच ठेवाना," हे त्याचं सांगून होईपर्यंत नानांनी विडीसारखा झुरका ओढून घेतला होता. आम्ही खोकल्याची वाट पाहत राहिलो. खोकला आला नाही.

"घसाले लागतच नही!" नाना चिडले. "हाई सिगार शे का उदबत्ती?"

"सौम्य शे. म्हनीसन तर महाग शे."

"लागस कमी आनि पैसा जास्ती?"

झालं, आणखी एक कवडी, असं मनात म्हणत मी घरी आलो आणि खिडकीतून पाहू लागलो. विलासचा फोन वाजला. तो फाटकाशी गेला. सिगार विझली. नानांनी हाक मारली, त्यानं येऊन पेटवली. पुन्हा फोन, पुन्हा तो फाटकाशी. या वेळी मी नीट पाहिलं. नानांनी सिगार तोंडाला लावलीच नाही. ती विझेपर्यंत नुसती हातात धरली, मग हाक मारली, "इझी गई रे!"

तिसऱ्यांदा फोन वाजला, तेव्हा विलासनं तो बंदच करून टाकला आणि नानांशेजारी मांडी घालून बसला. मग काय, बोलणं सुरू झालं. गल्ली अरुंद, त्यामुळे खिडकीत मला सगळं ऐकू येत होतं. तिकडे खिचडी तूच रांधतोस का, डाळ कुठली घालतोस, इथपासून थेट अक्कांच्या शेवटच्या दिवसांपर्यंत. मस्कतहून तेव्हा वेळेवर येता आलं नाही, हे विलास पहिल्यांदा वडिलांसमोर बोलला आणि रडला. नानांनी सिगार डाव्या हातात घेतली आणि उजवा त्याच्या पाठीवर ठेवला. त्या हातानं काही तपासलं नाही.

दीड तासानं बोटभर थोटूक उरलं. नाना उभे राहिले आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असे गरजले, "पास!"

पंचेचाळिशीचा विलास ओट्यावरून उडी मारून नाचला. माझी बायको पळी घेऊनच बाहेर आली. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला इतका आनंद माझ्या स्वतःच्या बढतीचाही झाला नव्हता.

मागाहून मी नानांना गाठलं. "घशाला न लागणारी सिगार अठराशेला पास कशी?"

"कडक ऱ्हाती तर खोकला उना असता," ते म्हणाले. "बोलता उनं नसतं."

रविवारी विलास निघाला. रिक्षात बसताना त्यानं दरवर्षीसारखं विचारलं, "नाना, पुढल्या खेपे काय आनू?" आजवर याला ‘काही नको’ हेच उत्तर मिळत आलं होतं.

नानांनी रिक्षाचा दांडा धरला.

"हाईच आन," ते म्हणाले. "पन यानापेक्षा लांब मिळस का देख."