तोतारामची गाडी आपटेना

बसा भाऊ, बूड टेकवा. कौतिकनं रावेरात कॉम्प्युटर कसा आणवला ते सांगतो. हसाल, पण त्याच्या तोंडावर हसू नका. माणूस चांगला आहे.

कौतिक जळगावला कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात. चप्पल काढून कॉम्प्युटरच्या खोलीत जाणारा आमच्या भाऊबंदांतला तो पहिलाच, म्हणून कॉम्प्युटर म्हटलं की शब्द त्याचा. खरं तर जेवणाच्या सुट्टीत तो तिथल्या जुन्या मशीनवर गाडीचा खेळ खेळायचा, एवढंच त्याचं शिक्षण. पण ते सांगतो कोण!

त्याचा मावसभाऊ हिलाल. रावेरला केळीचे ट्रक भरतात तिथं त्याची चहाची टपरी. त्याला वाटलं, खेळाचं मशीन ठेवू. एक रुपयात एक खेळ, गाडी आपटली की उठायचं. दोघं जळगावात रतनलालच्या दुकानी गेले. टेबलावर दोन मशीनं. एक जुन्या धाटणीचं फोर-एटी-सिक्स, दुसरं नवंकोरं पेंटियम, बरंच महाग.

"कोनतं घेऊ रे?"

"थांब हिलालभाऊ. दोन्हीवर गाडी पळवून पाह्यतो."

फोर-एटी-सिक्सवर गाडी नवरदेवाच्या दोन बैलांच्या दमणीसारखी डौलात गेली. मग कौतिक पेंटियमवर बसला. बोट टेकवतो न टेकवतो, धाडकन! परत बसला. धाडकन! तिसऱ्यांदा तर रस्ता दिसायच्या आत गाडी भिंतीत. दुकानातली गिऱ्हाइकं बघायला लागली. कौतिकचे कान तापले. जाणकार म्हणून आणलेल्या माणसाला गाडीच हाकता येईना!

"खराब हाये हे," तो घसा खाकरून म्हणाला. "नुसता भाव. जुनंच घे, भाऊ."

रतनलालनं लगेच कचोरी मागवली. सहा महिने पडून असलेला माल निघाला होता ना!

टपरीवर पहिला बसला तोताराम ड्रायव्हर. पंधरा वर्षं दिल्लीला ट्रक नेणारा माणूस, त्याची गाडी कशाला आपटते! एका रुपयात सकाळची दुपार झाली. त्याचा ट्रक भरून उन्हात उभा. मागं सात ड्रायव्हर नंबर लावून, त्यांचेही ट्रक भरलेले.

आठवड्यानं केळीवाले पितांबर आबा टपरीवर धडकले. कौतिकही नेमका त्याच दिवशी शाबासकी घ्यायला आला होता.

"हिलाल! हिरवी भरलेली माही केळी दिल्लीले पिवळी पोचली! बठ्ठा माल वाया गेला! हे मशीन कोनं निवडलं?"

हिलालनं कौतिककडं बोट केलं.

"दुकानात दुसरं नव्हतं?"

"होतं, आबा."

"मंग?"

कौतिकनं मान खाली घातली. "त्याच्यावर माही गाडी लगेच आपटे. समद्यांसमोर लाज वाटली, म्हनून त्याले खराब म्हनलो."

कोणी हसलं नाही. तेच त्याला जास्त लागलं. आबांनी मात्र डोळे बारीक केले.

"लगेच आपटे? म्हंजे मानूस लगेच उठे?"

"हो."

"अरे, मंग तेच आन ना, येड्या!"

वरचे पैसे आबांनीच घातले, मशीन बदलून आणलं. आता चहा निवायच्या आत तोतारामचीही गाडी आपटते आणि ट्रक वेळेवर सुटतात. कौतिक मात्र टपरीकडं फिरकत नाही. रावेरला आला तरी मागच्या गल्लीनं जातो. रतनलालचा मिस्त्री मला म्हणाला, जुना खेळ नव्या मशीनवर भरधाव सुटतो, हात कोणाचाही असो, गाडी आपटणारच. मी कौतिकला सांगून पाहिलं, तर म्हणतो, "तुम्ही चौथी नापास, तुमाले काय कळते? मले बरं वाटावं म्हनून बोलता."

तुमच्या खिशाला पेन आहे, तुमचं तो ऐकेल. उद्या जळगावला जाताच आहात, तर तेवढं त्याच्या कानावर घाला भाऊ, की गड्या, तुझा हात वाईट नव्हता.