भोजराजच्या जीपची पूर्वतयारी

कुठेतरी जाण्याआधी कुठेही जाता येईल इतकी तयारी माणसाने करून ठेवावी, हे तत्त्व सर्व थोर प्रवासी मानतात. त्यातले फार थोडे प्रवासाला निघतात, पण तो तत्त्वाचा दोष नव्हे. बालाघाटात या तत्त्वाचे सर्वात निष्ठेने पालन भोजराज करत असे.

त्याच्याकडे एक जुनी जीप होती आणि गोदाबाई नावाची एक आई होती. आईला बिरसा गावाच्या पुढे, जंगलातल्या एका गावी, थोरल्या भावाला भेटायला जायचे होते. हा भाऊ, म्हणजे भोजराजचे बाबूलालमामा, ऐंशीकडे झुकले होते आणि फोनवर "गोदे, एकदा येऊन जाय वो" एवढेच म्हणायचे. मधे एक नाला होता. मागे एकदा त्या नाल्यात जीप रुतली आणि बैलजोडी लावून ओढून काढावी लागली. अर्ध्या वाटेवरून परत यावे लागले. बैलांनी केलेला अपमान भोजराजने मनाला लावून घेतला. आईनेही भावाची हुकलेली भेट मनाला लावून घेतली, पण मनाचे सुटे भाग मिळत नसल्यामुळे तो विषय मागे पडला.

उपाय असा ठरला की जीपच्या ट्रान्सफर केसमध्ये जास्त जोराचे गिअर बसवायचे. (ट्रान्सफर केस म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांत वाटून देणारा लोखंडी डबा. वाटणी आली की कुरकुर आलीच.) नवे भाग घेणे हे नवश्रीमंतांचे काम. जाणकार माणूस जुने घेतो, कारण जुन्या भागाला घराणे असते.

जुना भाग पाहण्याची आपल्याकडे रीत आहे, आणि ती स्थळ पाहण्यासारखीच आहे. दोन वडीलधारी माणसे सोबत न्यावीत. माल कोणत्या गाडीचा, घराण्यात अपघात झालाय का, आधीच्या घरी नांदला का नाही, आणि नसेल तर दोष कुणाचा, हे विचारावे. चहा घ्यावा. दाते मोजावेत (गिअरचे; दुकानदाराचे दात मोजण्याची पद्धत नाही). शेवटी दुकानदार आवाज खाली आणून म्हणतो, "भाऊ, मिलिटरीचा माल आहे." बालाघाट आणि लालबर्रा मिळून मिलिटरीचे जितके डबे विकले गेले, तितक्या गाड्या खुद्द मिलिटरीकडे असत्या तर शत्रूने मुळात शत्रू होण्याचा विचारच केला नसता.

भोजराजला लालबर्र्याच्या दुकानात मिळालेले गिअरही मिलिटरीचेच निघाले. मिस्त्री प्रेमलालने डबा उतरवला, तेल काढले, नवे गिअर (म्हणजे जुनेच, पण या घरी नवे) बसवले, आणि तेव्हा कळले की मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट आखूड पडतो. लांब शाफ्ट आणला, तर डबा खाली लोंबायला लागला. म्हणून गाडी उंच केली. उंच केली म्हणून मोठे टायर आले. मोठे टायर आले म्हणून गिअरचा जोर कमी पडू लागला. मग आणखी जोराचे गिअर पाहायला सगळे पुन्हा लालबर्र्याला गेले, तीच वडीलधारी माणसे घेऊन.

प्रत्येक वेळी नारळ फुटला. (आधीच्या मालकाने त्या भागाची पूजा केली असेल तर ती पुढे चालते की नाही, यावर गॅरेजात दोन मते आहेत.)

आई दारातून विचारायची, "काहून रे भोजा, झाली का गाडी?"

"हौ माय, होऊनच राह्यली. येवढा एक डबा बसू दे, मंग तुले सीधी मामाच्या आंगनात उतरवतो."

ती पिशवी भरून ठेवायची. भावासाठी घेतलेल्या धोतराची घडी तिने इतक्यांदा मोडली आणि घातली, की ते घडीवरच विरले. भोजराजच्या मते ते कापड मिलिटरीचे नव्हते.

दरम्यान सरकारने भोजराजला न विचारता त्या नाल्यावर पूल बांधला. ही बातमी त्याला कळली नाही असे नाही. बायकोने, रूपालीने, ती जेवताना दोनदा सांगितली होती. "पुलावरून काय, कोनीही जाते," असे म्हणून तो हात धुऊन पुन्हा जीपखाली सरकला.

अखेर एके सकाळी जीप तयार झाली. गॅरेजसमोरच्या विटांच्या ढिगावर ती खरोखर चढली. टाळ्या पडल्या. भोजराजला भरून आले. त्याच आनंदात तो घरी आला, तर अंगणात बाबूलालमामा बसलेले. शेजारी काठी, चिन्नोर तांदळाची पिशवी, आणि खिशातून डोकावणारे बसचे तिकीट.

"मामाजी, तुमी? आले कसे?"

"बसनं आलो रे. पुलावरून येते ना आता बस. मनलं, भाचा कामात हाय, गोदी बुढी झाली, आपुनच जावं."

गोदाबाई भावाचा हात धरून रडत होती आणि मधेच हसत होती. भोजराजला लाज वाटली, मनापासून वाटली. पण माणूस मुळात तयारीचा.

"मामाजी, परत मीच सोडतो तुमाले. पुलाखालून नेतो, सीधा नाल्यातून. पाहाच तुमी!"

"नोको बाप्पा," मामा म्हणाले. "बस बरी."

जाताना मामा बसनेच गेले, आणि सोबत गोदाबाईही गेली. खिडकीतून तिने लेकाला सांगितले, "गाडी झाली का मंग ये बरं."

जीप अजून अंगणातच उभी आहे. मोठ्या टायरांमुळे स्टिअरिंग जड झाले आहे, आणि परसवाडा गावी जुन्या स्टिअरिंगचे एक चांगले स्थळ असल्याचे कळते. वडीलधाऱ्यांना निरोप गेला आहे.

वाचकांना इथे हसू येईल. हसावे. मात्र "एवढे एक काम होऊ द्या, मग येतोच" असे आपणही कुणाला तरी सांगून ठेवले आहे, आणि तिकडचा पूल कधीच झाला आहे. बाबूलालमामांना बसने येता आले, हे भोजराजचे नशीब. सगळ्यांच्याच मामांचे गुडघे मिलिटरीचे नसतात.