हकीकत खंडोजी वडिवळेकर यांच्या कर्णकंडूची

श्री. शके अठराशे सत्तावन्न, युवनाम संवत्सरी, कार्तिक मासी, मावळ प्रांती कामशेताजवळ मौजे वडिवळे येथे जे वर्तमान घडले ते येथे लिहिले असे. लिहिणारास कुत्र्यांचे विशेष प्रेम नाही, किंबहुना पोटरीस एकदा त्यांचा प्रसादही मिळालेला आहे, परंतु खरे ते लिहिणे प्राप्त. ज्यास हा विषय हलका वाटेल त्याने आपल्या कानात आठ दिवस खाज आणून पाहावी आणि मग बोलावे.

तरी प्रथम वंशवर्णन. खंडोजी श्वान, जनांत खंड्या, यांचे मातृकुळ अस्सल मावळी आणि पितृकुळ लोणावळ्यास कोणा साहेबाच्या बंगल्यातील विलायती. वडील एकदा दर्शन देऊन गेले ते पुन्हा फिरकले नाहीत. मातेकडून छाती आली आणि पित्याकडून कान आले, आणि कान म्हणजे काय, वीतभर लांब, केसाळ, लोंबते, ताक पिताना आधी कान बुडत आणि मग जीभ पोचे. पालक मातोश्री सरुबाई, विधवा, पोटी मूल नाही, दोन भातखाचरांच्या धनीण, यांनी त्यांस पदराखाली घेऊन वाढविले. त्या साली रानडुकरांची फौज भातावर चालून आली असता खंडोजींनी एकट्याने तिजला नदीपार पिटाळिले, आणि पाठलागात स्वतःही पाण्यात उडी घातली, आणि मग रोज दोनदा नदीत डुंबण्याचा शौकच जडला. गावाने त्यांस मानकरी केले, घरोघरी भाकरीचा तुकडा ठरला, आणि दिवाळी आली.

दिवाळी सरते तोच अरिष्ट उद्भवले. खंडोजी मान झाडू लागले, आणि मागल्या पायाने कान ओरबाडू लागले, आणि मग तुळशीवृंदावनास डोके घासू लागले, आणि मग एका जागी गरगर फिरू लागले, आणि कानांस असा दर्प सुटला की आलेले सोयरे ओटीवरून उठोन अंगणात बसले. हेही सोसले असते. परंतु सरुबाई हाक मारीत आणि खंडोजी मान वळवीत ना. जे जन्मभर पहिल्या हाकेस धावले ते ढिम्म बसोन राहू लागले, आणि बाईंच्या घशाखाली घास उतरेना. मग गावात बोभाटा झाला की खंड्या पिसाळला, धनिणीस ओळखीत नाही. पोरे घरात कोंडली, कोंबड्या झाकल्या, आणि लढवय्ये पुरुष माळ्यावर चढोन खाली काय चालले याची खबर बायकांस विचारू लागले.

मग चावडीत खलबत बसले. पोलीस पाटील अंबाजी, मोठे करारी गृहस्थ, पदरी गावातील एकमेव बंदूक, तीही पीकराखणीच्या परवान्याची. त्यांनी हुकूम फर्माविला की तीन दिवसांत गुण न आल्यास तिसरे दिवशी दिवस मावळता खंडोजींस गोळी घालावी. हुकूम देताना पाटील जमिनीकडे पाहत होते, हे पुष्कळांच्या ध्यानी आले, परंतु अर्थ कोणास लागला नाही. सरुबाई पदर खोचोन पुढे झाल्या आणि आधी मला घाला म्हणाल्या.

"मावशी, माजं बी मन व्हत न्हाई," पाटील म्हणाले. "पर येकाद्या पोराला चावला, तर त्या पोराच्या आईला म्या काय सांगू?"

हुकूम अन्यायाचा असता तर भांडण सोपे होते.

दोन दिवस मसलतीतच गेले. कोणी म्हणे दृष्ट लागली, कोणी म्हणे गोचीड, कोणी म्हणे कानात किडा शिरला, आणि उतारा म्हणोन दारी लिंबू टांगिले ते शेळीने खाल्ले. तेव्हा महिपती, रेल्वेत खलाशी होते आणि आता पेन्शनीत असत, त्यांनी तोड काढिली की लोणावळ्यास दिगंबरपंत सालोत्री, म्हणजे जनावरांचे वैद्य, पलटणीच्या घोड्यांची सेवा करोन घरी बसले आहेत, त्यांचे पायी जावे. तिसरे दिवशी सकाळीच कूच जाहले. खासा खंडोजी तोंडास फडके बांधोन, उजवीकडे सरुबाई, डावीकडे महिपती, आणि पिछाडीस शेजारीण बयाबाई भाकऱ्यांचा सरंजाम घेऊन. कामशेताच्या फलाटावर खंडोजींनी मान झाडली, आणि तेलकट तुषार उडोन एका वकिलांच्या पांढऱ्या कोटावर नक्षी उठली, आणि महिपतींस तीनदा मुजरा घालावा लागला. मग खंडोजींची रवानगी गार्डाच्या डब्यातील पेटीत जाहली, आणि सरुबाई वाटेतील मळवली स्टेशनास खाली उतरोन पेटीवर हात ठेवून आल्या.

दिगंबरपंतांनी प्रथम तोंडाचे फडके सोडोन पाण्याचे भांडे पुढे ठेविले, आणि खंडोजींनी ते घटाघटा रिकामे केले. मग पंतांनी नजर पाहिली, जबडा पाहिला, आणि निवाडा दिला की हे जनावर पिसाळलेले नव्हे. मग एक कान उचलोन आत कापसाचा बोळा फिरविला, तो काळा चिकट होऊन बाहेर आला.

"कानात तेल कोण घालतं?" पंतांनी विचारले.

"म्याच," सरुबाई म्हणाल्या. "दिवाळीच्या आंगुळीला घातलं, तवाधरनं रोज दोन थेंब. लेकराच्या कानात घालत्यात तसं. कारळ्याचं."

पंतांनी बोळा नाकाशी नेला. "कारळ्याचं आहे. पण करंजेलही आहे, आणि लसूण कढवलेलं करडईचं, आणि एरंडेल."

बयाबाईंनी मान खाली घातली. "आमच्या दारी बी येतो त्यो. म्हनलं मावशीला कुटं सुचतंय." लसूण त्यांची होती, आणि करंजेल त्यांच्या जाऊबाई धोंडाबाई यांचे. एरंडेलाचा विषय निघताच महिपती खिडकीतून डोंगर पाहू लागले, आणि मग म्हणाले की आपले फार नाही, चमचाभरच. प्रत्येकास वाटले होते की घालणारे आपण एकटेच.

"आणि हे पाचवं बंदुकीचं," पंत म्हणाले. "बारा वर्षं पलटणीत काढली, हा वास चुकायचा नाही."

वडिवळ्यात बंदूक एकच.

मग पंतांनी निदान सांगितले ते असे. लोंबता कान म्हणजे झाकलेली घागर, वारा आत जात नाही. त्यात नदीचे पाणी साठले, ओल धरली, कंड सुटली. त्यावर पाच घरांचे तेल ओतिले गेले, तो मळ कुजोन वाट बुजली, म्हणोन हाक आत पोचत नव्हती. कुत्रे धनिणीस विसरले नव्हते, त्यास ऐकूच येत नव्हते. हे ऐकोन सरुबाईंनी पदर तोंडास लावला आणि लहान पोरीसारख्या रडल्या. मग पंतांनी कोमट मिठाच्या पाण्याने दोन्ही कान हळूहळू धुतले, कापसाने कोरडे केले, बुडाशी दडलेल्या गोचिडी चिमट्याने उपटल्या, बोरिकची पूड शिंपडली, आणि दोन्ही कान उलटे करोन डोक्यावर तांबड्या पट्टीने बांधिले, जेणेकरोन वारा लागावा. सात दिवस नदी बंद, तेल कायमचे बंद, पट्टी रोज सोडोन कान पुसावे आणि पुन्हा बांधावी असा हुकूम जाहला, आणि पाटलांचे नावे चिठ्ठी दिली. एवंच खंडोजी फेटा बांधोन निघाले, आणि गाडीत ज्याने त्याने वाट दिली.

दिवस कलता स्वारी वेशीशी आली तो पाटील बंदूक खांद्यास लावोन उभे. सरुबाईंनी चिठ्ठी दिली, ती पाटलांनी दोनदा वाचली.

"भाऊ, त्येच्या कानात बंदुकीचं त्याल घावलं," सरुबाई म्हणाल्या.

पाटलांनी चिठ्ठीची घडी केली, उघडली, पुन्हा केली. "पाराशी येऊन बसायचा, मान झाडायचा. बघवंना. घरातलं समद्यात चांगलं त्याल त्येच, म्हनलं त्येच द्यावं."

"आन आज गोळी घालनार व्हता?"

"व्हय. घालावीच लागली असती, तर बंदूक दुसऱ्याच्या हातात देनार नव्हतो."

सरुबाईंनी त्यांजकडे पाहिले, आणि तीन दिवस मनी धरलेला राग तेथेच टाकोन दिला.

मग वेशीवरच तहनामा ठरला की पाचही घरांनी खंडोजींच्या कानांवरील हक्क सोडावा, माया दाटोन आल्यास भाकरीवर भागवावे. आणि सातवे दिवशी खाचरांत परीक्षा व्हावी. सात दिवस बयाबाईंचे हात शिवशिवत होते, तरी तह मोडला नाही. सातवे दिवशी सारा गाव बांधावर जमला, फेटा उतरविला. सरुबाई दोन खाचरे पलीकडे उभ्या राहिल्या, आणि पाटलांचा हुकूम जाहला की ओरडणे नाही, घरात मारतो तशीच हाक मारावी. बाईंनी पदर सावरला. मग हळूच म्हणाल्या, "खंड्या."

खंडोजींनी कान टवकारले, आणि कापल्या भाताच्या सडांतून जे सुटले ते बाईंस चिखलात पाडोनच थांबले. धनीण आणि चाकर दोघेही चिखलाने माखले, आणि बाई उठावयास तयार होत ना.

पाटलांनी दप्तर बांधावरच मागविले आणि पिसाळलेल्या कुत्र्यांच्या सदरी स्वहस्ते 'निरंक' लिहिले. येणेप्रमाणे कार्तिक मासी वडिवळ्याची मोहीम फत्ते जाहली, ती सर्वांच्या साक्षीने नोंदविली असे. खंडोजींचा जीव घेऊ पाहणारे शत्रू एकंदर पाच निघाले, आणि ते पाचही त्यांजवर जीव लावणारे होते.