ताक्यावरचा सूर्य

राघोशेठच्या कापडाच्या कारखान्यातला एकही ताका केसरीनाथच्या डोळ्यांखालून गेल्याशिवाय बाहेर पडत नसे. तुटलेला धागा असो की तेलाचा ठिपका, त्याला दिसला नाही असं होत नसे. म्हणून यादव मास्तरांनी शाळेसाठी एका दिवसापुरता पांढरा ताका मागितला, तेव्हा शेठने ताक्याबरोबर केसरीनाथलाही धाडलं.

"कापडावर नजर ठेव. आन जेवणाची सुट्टी संपली का परत ये."

त्र्याहत्तर सालच्या नोव्हेंबरातला शनिवार होता. त्या दुपारी बुध हा ग्रह सूर्यासमोरून सरकत जाणार होता. मास्तरांनी दोन वर्षं खपून पत्र्याच्या नळीत भिंगं बसवली होती. आजवर दोनदा त्यांनी लोक जमवले आणि दोन्ही वेळा ढगांनी घात केला. आता तिसऱ्यांदा फसलं तर दुर्बीण अडगळीत टाकू, असं हेडमास्तरांनी सर्वांदेखत बजावलं होतं.

वर्गाच्या एका खिडकीत दुर्बीण आणि बाकीच्या खिडक्यांना गोणपाट. अंधारात कामतघर गावची निम्मी वस्ती दाटीने बसली होती.

"दुर्बिणीला डोळा लावून सूर्याकडे कधीही बघायचं नाही," मास्तर म्हणाले. "डोळा जातो. आपण सूर्यालाच कापडावर उतरवायचं."

आणि ताणलेल्या ताक्यावर परातीएवढा लख्ख सूर्य उतरला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक वाजून सतरा मिनिटांनी त्याच्या काठावर काळा ठिपका येणार होता. तो एक वाजून आठ मिनिटांनीच आला.

"आला! बुध आला!" मास्तर ओरडले. "नऊ मिनिटं आधी आला! साडेपाच तासांत तो हळूहळू पलीकडे—"

ठिपका भराभरा मधोमध आला, थांबला आणि उजवीकडे वळला.

कारखान्यात सुताच्या कांड्या भरणारी ठमाबाई पुढेच बसली होती. ती म्हणाली, "मास्तर, तुमचा ग्रह पाय हलवतोय."

भिंगावर मुंगी चढली होती. वर्ग इतका हसला की बाहेरचे लोक आत धावले. मास्तरांनी फुंकर मारून मुंगी उडवली आणि घाम पुसला. हेडमास्तर दारातून निघून गेले.

बरोबर सतराव्या मिनिटाला सूर्याच्या काठाशी मोहरीएवढा ठिपका उमटला. मास्तरांनी तो पाहिला, पण त्यांच्या तोंडातून शब्द फुटेना. पुन्हा हसू झालं तर गावात राहायची सोय नव्हती. तेवढ्यात सुट्टी संपूनही न परतलेल्या कामगारांना हाकायला राघोशेठ स्वतः आत आला आणि त्याची नजर नेमकी कापडावर गेली.

"केसरीनाथ! डाग पडला ना रं ताक्यावर!"

केसरीनाथला ते जिव्हारी लागलं. त्याच्या पहाऱ्यातल्या कापडावर डाग? तो उठला आणि ताका वीतभर डावीकडे ओढला. कापड सरकलं, ठिपका जागीच राहिला.

"कापडाला न्हाय, शेठ."

मग त्याने मास्तरांना डोळ्याकडचं भिंग गोल फिरवायला सांगितलं. भिंग फिरलं, ठिपका फिरला नाही.

"भिंगावर पन न्हाय."

शेवटी त्याने नळीला हलकेच बोट लावलं. सूर्य कापडावर सरकला आणि ठिपका त्याच्यासकट गेला.

"डाग सूर्यालाच हाय," केसरीनाथने निकाल दिला. "आपला ताका साफ हाय."

मास्तर त्याच्याकडे वळून म्हणाले, "केसरीनाथ, मोठमोठ्या वेधशाळांत हेच करतात. काही नवं दिसलं की आधी आपल्या भिंगावर संशय घेतात."

शेठ बाकावर टेकला. "केवढा म्हनायचा हा?"

"अख्खं जग आहे, शेठ. फक्त लांब आहे."

"वसईपरीस लांब?"

"थोडं जास्त."

शेठ बघत राहिला. दर दोन मिनिटांनी सूर्य कापडावरून निसटे, की शेठच मास्तरांआधी ओरडे, "नळी फिरवा, नळी!" साडेतीन वाजता कारखान्याचा हिशेब ठेवणारा मेहता बोलवायला आला. "थांब, आता मध्यावर येतोय," शेठ म्हणाला, तसा मेहताही बसला. मग मेहताला शोधायला साचे, म्हणजे माग, दुरुस्त करणारा जॉबर आला. चार वाजता राघोशेठचा एकही साचा चालू नव्हता आणि त्याची आठवण शेठसकट कुणालाही नव्हती.

ऊन कलू लागलं. ठिपका पलीकडच्या काठापासून दोन बोटांवर आला.

"भाईर कवा पडनार?" शेठने विचारलं.

मास्तर चाचरले. "पावणेसातला."

"सूर्य तर सहाला बुडतो!"

"हो. शेवट आपल्याला दिसणार नाही. तो विलायतेत दिसेल."

शेठ ताडकन उठला.

"कापड आमचं, साचे आमचे बंद, आन शेवट इंग्रजांना? उचला ती नळी! गच्चीवर चला!"

दुर्बीण केसरीनाथच्या खांद्यावर, ताका चौघांच्या डोक्यावर आणि मागे सगळी वरात. कारखान्याच्या गच्चीवर पोहोचेपर्यंत वऱ्हाळा तलावाच्या पलीकडे सूर्य तांबडा झाला होता. उंचीमुळे फार तर अर्धं मिनिट जास्त मिळालं. कापडावरचा सूर्य फिकट होत गेला आणि ठिपका पोटात घेऊनच बुडाला. केसरीनाथला वाटलं, आपण बघत नसलो तरी तो तिकडे चालतोच आहे. ही गोष्ट त्याला फार चमत्कारिक वाटली.

"पुन्यांदा कवा?" शेठने विचारलं.

"तेरा वर्षांनी."

शेठने मावळतीकडे पाहिलं, मग पायाखालची गच्ची बघितली.

"मेहता, उद्या गवंड्याला बोलव. आनखी दोन मजले चढवू. पुढच्या टायमाला शेवट बघितल्याबिगर सोडायचा न्हाय."

तेरा वर्षांनी तो योग सकाळीच सुरू होऊन दुपारपर्यंत आटोपणार होता. तो जमिनीवरूनही दिसला असता. मास्तरांना हे ठाऊक होतं. त्यांनी सांगायला तोंड उघडलंही. पण शेठ केसरीनाथला म्हणत होता, "वरच्या मजल्यावर मास्तरांच्या नळीला एक पक्की खोली ठेवायची," आणि मास्तरांनी तोंड मिटलं.