चौथ्या एडक्याचं माप

एडका पारखावा तर त्यानंच! निदान त्याचं स्वतःचं तसं ठाम मत होतं. लोक त्याला पारखी म्हणत, ते चिडवायला. तो मात्र पदवी मिळाल्यासारखी मान डोलवायचा. गेल्या खेपेला त्यानं भरदार शिंगांचा एक राजबिंडा एडका निवडून कळपात सोडला. चाळीस मेंढ्यांना मिळून एकोणीस कोकरं झाली आणि त्यातली नऊ जगली.

त्याची बायको शिलाईकाम करायची. मशीन न थांबवता तिनं निकाल दिला, "यंदाही असंच झालं, तर कळप जाईल माझ्या भावाकडे, आणि तुम्ही बसाल इथे काजं करत!"

मेंढ्यांशिवाय पारखीला घटकाभर करमत नसे. त्यानं थेट जनावरांच्या डॉक्टरांना गाठून घरी आणलं आणि दारातले चारही एडके दाखवले.

"शिंगं बघू नका," डॉक्टर म्हणाले. "टेप घ्या आणि अंडांचा घेर मोजा. तीस सेंटिमीटरच्या आत भरला, तर एडका बाद. आणि ज्याच्या आईनं जुळी जगवली असतील, तो आधी घ्या."

"मग आपला चौथा!" बायको म्हणाली. "त्याच्या आईनं दर खेपेला जुळी जगवलीत."

"ते केस गळालेलं ध्यान? अगं, आईबाप लग्न ठरवताना बघतात! इथे माप बघायचं, माप!"

माप घ्यायला निघाला तो बायकोचाच टेप आणि बायकोचीच वही घेऊन. एडक्याच्या मागे वाकून नको तिथे टेप गुंडाळणं म्हणजे काय, हे ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक! पहिल्यानं लाथ घातली, दुसरा टेपसकट पळाला, तिसरा त्याच्या पाठीवरच चढला. चौथा तेवढा शहाण्यासारखा उभा राहिला, कारण त्याच्या खुरात काटा होता. पारखीनं वहीतली टाचणी ओढून काटा काढला आणि कोऱ्या पानावर चार आकडे एकाखाली एक लिहून टाकले. कुठला कुणाचा, ते डोक्यात आहे म्हणाला!

आता त्या वहीची एक रीत होती. बायको गिऱ्हाइकाचं नाव लिहीत नसे. त्याच्या कापडाचा तुकडा मापाच्या पानाला टाचून ठेवी. टाचणी निघाली तसा पोस्टमास्तरांच्या पँटच्या राखी कापडाचा तुकडा खाली पडला. पारखीनं तो इमानदारीत उचलला आणि टाचला, पण समोरच्या, एडक्यांच्या पानाला. अक्षर नवरा-बायकोचं सारखंच गिचमिड. झालं!

दोन दिवसांनी त्यानं वही उघडली. बिनतुकड्याचं पान ते आपलं, असं समजून वाचू लागला, "चाळीस, छत्तीस, चोवीस, सोळा. पहिला चाळीस! आणि तुझा लाडका चौथा सोळा! सोळा म्हणजे काय गं, लिंबं?"

बायकोला पटेना, पण वहीपुढे तिचं काही चालत नसे. "माणूस चुकेल, माझी वही चुकायची नाही," असं तीच गावभर सांगायची.

पहिला एडका मेंढ्यांत गेला. चौथा मेव्हण्याकडे फुकट रवाना झाला.

तीन आठवड्यांनी पोस्टमास्तर दार ढकलून आत आले. नवी पँट घालूनच आले होते, म्हणजे जेवढी घालता आली तेवढी! कमरेला सुतळी होती. पोटरीवर येऊन पँट संपली होती आणि संपता संपता छत्रीसारखी फुलली होती.

"बाई, हे काय शिवलंत? लोक टपाल सोडून माझ्या पायांकडे बघताहेत!"

"वहीत आहे तेच शिवलंय," बायको फणकारली. "लांबी अठ्ठावीस, कंबर एकतीस, मांडी तीस, पायाखालची मोहरी सदतीस. मला वाटलं, तुम्हाला नवी फॅशन हवी असेल!"

"सदतीस मोहरी? मी काय तंबू घालतो?"

आकडे ऐकून पारखीनं वहीत डोकावलं. "अगं, हे एडक्यांचं माप आहे," तो बोलून गेला.

"मग माझं माप कुणाला लावलंत?" पोस्टमास्तर किंचाळले.

बायकोच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "म्हणजे पहिला अठ्ठावीस! बाद! आणि सदतीसवाला माझ्या भावाला फुकट दिलात?"

पारखी धावत सुटला तो मेव्हण्याच्या दारात. चौथा आपल्या कामात गर्क होता.

"परत कसला मागता, दाजी? तुम्हीच म्हणालात ना, कुचकामी आहे! हवं तर तुमच्या मेंढ्या आणा इकडे."

"न्या लवकर," विचारल्यावर डॉक्टरांनीही सांगितलं. "ज्या गाभण नाहीत, त्या पुन्हा माजावर येतील."

चाळीस मेंढ्या हाकत पारखी स्वतःच मेव्हण्याकडे गेला. वाटेत ज्यानं त्यानं विचारलं, आणि ज्याला त्याला त्यानं वेगळं कारण सांगितलं.

पाच महिन्यांनी छप्पन्न कोकरं झाली आणि बावन्न जगली. कळप घरी परतला आणि घरातच राहिला. कोकरांच्या गर्दीत बसून पारखी खरोखर रडला.

मग चार मेंढपाळ लांबून बघायला आले. "एवढा गुणी एडका मेव्हण्याकडे कसा हो?"

पारखीनं मिशीवरून हात फिरवला. "मी पारखून दिला!"

आतलं मशीन एकदम थांबलं.

"म्हणजे," तो घाईघाईनं म्हणाला, "पारखून बाद केला होता."